कपाटातलं ब्रोशर

रविवारी ताईच्या घरी आम्ही तिघांनी मिळून घर मोजलं. टेपचं एक टोक दाजींच्या हातात, दुसरं माझ्या. ताई लाइट बिलाच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडत होती. पाथर्डी फाट्याच्या पुढचं हे घर २०२१च्या दसऱ्याला बुक केलेलं. २०२४च्या अक्षय तृतीयेला कलश ठेवला. ॲग्रीमेंटमध्ये कार्पेट ६४० चौरस फूट लिहिलंय. आमची बेरीज ६१२वर थांबली. दारांच्या चौकटी, खिडकीखालची जागा धरून पुन्हा मोजलं. ६१३.

मग बाल्कनीत आलो. ब्रोशरमध्ये या बाल्कनीसमोर बाग होती. घसरगुंडी होती, म्हाताऱ्या माणसांसाठी बाक होते. आज तिथे पोकलेन उभं आहे आणि पाया खणून झालाय. त्याच बिल्डरची दुसरी इमारत येतेय.

“जाऊ दे रे,” ताई म्हणाली. “घर तर मिळालं ना! कित्येकांना तेही मिळत नाही.”

आजचं सदर या ‘जाऊ दे’च्या विरोधात आहे.

कारण ते मीही म्हटलंय. २०१३ साली इंदिरानगरला फ्लॅट घेतला तेव्हा बेडरूम बघूनच आम्ही भुललो. “बघा, खोली कशी ऐसपैस काढलीय,” असं दाखवणारा सांगत होता. मंजूर नकाशा मी मागितला नाही आणि त्याने दाखवला नाही. त्या नकाशात खोलीतली ती वाढीव जागा खोली नव्हतीच. तिथे ‘कपाट’ असं लिहिलेलं होतं.

नाशिककराला हा शब्द समजावून सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जुन्या नियमावलीत कपाटाची जागा चटई क्षेत्रात मोजली जात नसे. म्हणून नकाशात कपाट दाखवायचं, मंजुरी घ्यायची, आणि बांधताना ती जागा खोलीत ओढून घ्यायची. कागदावर कपाट, जागेवर खोली. भाव मात्र आमच्याकडून खोलीचाच घेतलेला. २०१५-१६च्या सुमारास, प्रवीण गेडाम आयुक्त असताना, महापालिकेने नकाशा आणि बांधकाम ताडून पाहायला सुरुवात केली आणि पूर्णत्वाचे दाखले अडले. एकदोन इमारतींचे नाहीत, हजारो घरांचे. जादा क्षेत्र टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन नियमात बसवावं, तर जानेवारी २०१६च्या राज्याच्या धोरणात नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर टीडीआर नव्हता. आणि नाशिकच्या कॉलन्यांमधले रस्ते सहा मीटरचे, साडेसात मीटरचे. कोंडी झाली. पुढे २०१७मध्ये राज्याने ३१ डिसेंबर २०१५पर्यंतची बांधकामं शुल्क भरून नियमित करण्याचे नियम आणले आणि २०१८मध्ये, तुकाराम मुंढे यांच्या काळात, महापालिकेने त्यासाठी अर्ज मागवले.

या सगळ्या वर्षांत कपाटाची चर्चा आयुक्त, बिल्डर आणि मंत्रालय या तिघांत चालली. घर घेणाऱ्याचा प्रश्न साधा होता आणि तो विचारणारे फार थोडे निघाले: नकाशात नसलेली खोली मला खोली म्हणून विकली कुणी?

आमच्या सोसायटीने वर्गणी काढली, पैसे भरले, दाखला मिळवला. बिल्डरला एक पत्रसुद्धा लिहिलं नाही. सगळे म्हणाले, जाऊ दे.

सोडायला नको होतं, हे मला ११ जानेवारी २०२२ रोजी कळलं. मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी निकाल दिला. बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र मिळवून दिलं नव्हतं, त्यामुळे रहिवाशांना मालमत्ता कर २५ टक्के जास्त आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. न्यायालय म्हणालं, ही सेवेतली त्रुटी आहे आणि सोसायटी ग्राहक म्हणून दाद मागू शकते. मुदत संपल्याचा बचावही चालला नाही. प्रमाणपत्र मिळत नाही तोवर चूक रोज नव्याने घडत असते, असं न्यायालयाने सांगितलं. ज्यांचं घर आजही भोगवटा प्रमाणपत्राविना आहे, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता ताईचं घर. माझ्या वेळी १९६३चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा सदनिका मालकी कायदा, होता आणि ग्राहक मंच होता. तिच्या वेळी रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, आहे. १ मे २०१७पासून तो पूर्णपणे लागू झालाय, आणि त्यातलं बारावं कलम प्रत्येक घर घेणाऱ्याला पाठ असायला हवं. जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट बघून तुम्ही पैसे दिले आणि त्यातली माहिती खोटी किंवा चुकीची निघाली, तर झालेल्या नुकसानीची भरपाई बिल्डरने द्यायची. त्या घरात तुम्हाला राहायचंच नसेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत आणि वर भरपाई. महाराष्ट्रात या व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर या कर्जदरावर दोन टक्के असा ठरलेला आहे.

म्हणजे ब्रोशर हा पुरावा आहे. गुळगुळीत कागद, संध्याकाळचं आकाश, बागेत धावणारं पोर, सगळं. सेल्समन मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला ‘सर, स्विमिंग पूल डिसेंबरपर्यंत’ हा मेसेज पुरावा आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये तुम्ही काढलेले फोटो पुरावा आहेत. फोन बदलताना लोक चॅट पुसून टाकतात, कृपा करून पुसू नका. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यावर फोन वापरणाऱ्याची आणि तज्ज्ञाची, दोघांची सही लागते.

बिल्डर म्हणेल, ब्रोशरच्या तळाशी बारीक अक्षरात ‘चित्रे केवळ कल्पनेसाठी’ असं छापलंय. म्हणेल, ॲग्रीमेंटवर तुमची सही आहे, त्यात बदलाचा हक्क आमच्याकडे राखलाय. पहिल्यांदाच घर घेणारा माणूस इथे गप्प होतो. गप्प होऊ नका. २ एप्रिल २०१९ रोजी पायोनियर अर्बन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असंच ॲग्रीमेंट होतं. खरेदीदाराला उशीर झाला तर १८ टक्के व्याज, बिल्डरला उशीर झाला तर ९. न्यायालयाने अशा एकतर्फी अटींना अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं आणि त्या खरेदीदारावर लादता येत नाहीत असं सांगितलं. ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून ज्याला पर्याय नव्हता, त्याच्या सहीला न्यायालयाने संमती मानलं नाही.

ताईच्या बागेचा मामला रेराच्या कलम १४चा. मंजूर आराखड्यात, सामायिक जागेत बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची आधी लेखी संमती लागते. बिल्डर त्या मोजणीत येत नाही आणि एकाने दहा फ्लॅट घेतले असले तरी त्याची संमती एकच धरतात. ॲग्रीमेंटमध्ये घुसवलेली ‘पुढील सर्व बदलांना संमती आहे’ ही ओळ पुरत नाही. कोणता बदल आहे हे समोर ठेवून घेतलेली संमती लागते, असं मुंबई उच्च न्यायालयाने मोफाखालच्या मधुविहार सोसायटीच्या खटल्यात २०१०मध्येच सांगितलंय. ताईच्या इमारतीत कुणालाही कुणी विचारलं नाही. पायाच खणलाय तोवर रेराच्या कलम ३६खाली काम थांबवण्याचा अंतरिम आदेश मागता येतो. तिथे चार मजले उभे राहिल्यावर तोच अर्ज घेऊन गेलात तर हातात भरपाईचीच आशा उरते. म्हणून मी ताईवर चिडलो. ‘जाऊ दे’ म्हणत घालवलेला प्रत्येक आठवडा त्या इमारतीत एकेक स्लॅब घालतो.

कार्पेटचं सोपं आहे. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. नमुना करारात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतलाय. पण तेवढ्या कमी क्षेत्राचेही जादा घेतलेले पैसे बिल्डरने ४५ दिवसांत व्याजासह परत द्यायचे. ताईचा फरक चार टक्क्यांच्या वर जातोय. आमची टेप पुरावा म्हणून चालायची नाही, आर्किटेक्टकडून मोजून त्याचा दाखला घ्यायला हवा. तो खर्च करावा.

दाद मागायची कुठे, यावर घरोघरी गोंधळ आहे. महारेरात, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणात, ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क ५००० रुपये. पैसे परत आणि व्याज यांचा निर्णय प्राधिकरण देतं, नुकसानभरपाईचा न्यायनिर्णय अधिकारी. ही वाटणी ११ नोव्हेंबर २०२१च्या न्यूटेक निकालात पक्की झाली. ताबा मुदतीत मिळाला नाही तर पैसे परत मागण्याचा हक्क बिनशर्त आहे, हेही त्याच निकालातलं. दुसरा दरवाजा ग्राहक आयोगाचा. रेरा आला म्हणून तो बंद झालेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२० रोजी इम्पेरिया खटल्यात सांगितलं. घरापोटी ५० लाखांपर्यंत रक्कम दिली असेल तर प्रकरण नाशिकच्याच जिल्हा आयोगात चालतं. २० ते ५० लाखांच्या घराला शुल्क १००० रुपये. पण तिथे मुदत दोन वर्षांची आहे आणि उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. एकच मागणी घेऊन दोन्हीकडे धावू नये. मला विचाराल तर काम थांबवायचं असेल, नकाशाचा प्रश्न असेल तर महारेरा. त्रास, गळती, अर्धवट सुविधा, मनस्ताप यांचा हिशेब मागायचा असेल आणि इमारत लहान असेल तर ग्राहक आयोग. लहान म्हणजे जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत. अशा प्रकल्पांना रेरा नोंदणीतून सूट आहे. आपल्या कॉलन्यांमध्ये दोन बंगल्यांच्या मधल्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या कितीतरी इमारती अशाच आहेत. तिथे घर घेणाऱ्याने दुप्पट सावध राहावं.

पोलिसांत जाण्याचा सल्ला सगळे देतात. फसवणुकीचं कलम, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. पण सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. तसं दिसत नसेल तर ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ ऐकून परत यावं लागतं. एकच फ्लॅट दोघांना विकला, खोटे दाखले दाखवले, गहाण जमीन मोकळी म्हणून विकली, अशा वेळी आर्थिक गुन्हे शाखा. बागेसाठी नाही.

जमिनीच्या मालकीतच खोट निघाली तर मात्र कायदा फार ठाम आहे. रेराच्या कलम १८मध्ये अशा नुकसानीच्या भरपाईला मुदतीची आडकाठीच नाही. सातबाऱ्यावर वारसाचं नाव दहा वर्षांनी उगवलं तरी.

आता जिथे मला खरा संताप येतो ते सांगतो. आदेश मिळतो, पैसे मिळत नाहीत. महारेराने रक्कम द्यायला सांगितली आणि बिल्डरने दिली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयात जातं, तिथून तहसीलदारांकडे. शेतकऱ्याचा सारा थकला तर ज्या यंत्रणेचा माणूस बांधावर येऊन उभा राहतो, त्याच यंत्रणेत बिल्डरचं वॉरंट फायलीत पडून राहतं. हक्काचे पैसे जिंकलेलं कुटुंब टेबलाटेबलावर चौकशी करत फिरतं आणि बँकेचा हप्ता दर पाच तारखेला कापला जातो. जिल्हाधिकाऱ्यांनी अशा वॉरंटांची यादी, वसूल झालेल्या आणि न झालेल्या रकमांसह, दर महिन्याला कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावावी, ही माझी मागणी आहे. सिंहस्थाच्या नावाने शहरात घरांचे भाव सांगितले जात असताना ती यादी घर शोधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असायला हवी.

मालकाकडून जुनं घर घेणाऱ्यांचं काय? तिथे रेरा नाही, आणि खासगी विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगही सहसा कामी येत नाही. आमच्या ऑफिसातल्या एकाने मे महिन्यात म्हसरूळला फ्लॅट घेतला. भिंतींना ताजा रंग, छताला नवी पुट्टी. जुलैत पुट्टी फुगली आणि हॉलमध्ये बादली ठेवावी लागली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सहज सांगितलं, “अहो, तो स्लॅब तर तीन वर्षं गळतोय, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही का?” १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ इथे कामाला येतं. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. मालकीतला असो की वास्तूतला. सांगितला नाही तर ती लबाडी धरली जाते. करार कायद्याप्रमाणे असा व्यवहार तुम्ही मोडू शकता, दस्त रद्द करून मागू शकता. लबाडी कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात जायचं. पण ‘साध्या काळजीने’ हे दोन शब्द विसरू नका. उघड्या डोळ्यांना दिसणारी भेग, सोसायटीच्या रजिस्टरात लिहिलेली थकबाकी, नोंदणी कार्यालयाच्या सूची दोनमध्ये नोंदलेलं गहाण तुम्ही पाहिलंच नाही, तर न्यायाधीश आधी तुम्हाला विचारतील. दुय्यम निबंधकाचा शिक्का दस्त नोंदल्याचा असतो. घर निर्दोष आहे, मालक खरा आहे, याची तो ग्वाही देत नाही. म्हसरूळच्या त्या मित्राकडे आज वरच्या काकूंचा जबाब आहे आणि रंगाऱ्याचं बिल आहे. तो लढतोय.

गोदावरीकाठची घरं हा आपल्या शहराचा वेगळा विषय. १९ सप्टेंबर २००८चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ला पुन्हा पाहिला. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं यावर पुराचा अंदाज बांधणारं हे गाव आहे. तरीही ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून दाखवलेल्या घरात शिरताना पूररेषा कुठून जाते हे कुणी विचारत नाही. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या. नदी दिसते हे खोटं नसतं, म्हणून नंतर भांडायला जागा उरत नाही. भांडायची जागा आधीच करून ठेवायची. बिल्डरला ईमेल करा: ‘ही इमारत निळ्या किंवा लाल पूररेषेत येते का, कृपया कळवावे.’ उत्तर आलं तर ते तुमच्या हातात आहे. उत्तर आलं नाही तर घर घेऊ नका.

आणखी एक कागद सांभाळायचा, ताबा पावती. किल्ल्या देताना ती पुढे सरकवतात, बरोबर पेढे असतात. तिच्यात लिहिलेलं असतं, ‘सर्व कामे समाधानकारक असून माझी कोणतीही तक्रार नाही.’ दाजींनी त्यावर सही केली, सगळे करतात. त्यांना मी दोष देत नाही. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढलेल्या माणसाला किल्ली दिसते, ओळ दिसत नाही. पण तुम्ही अजून सही केली नसेल तर त्या ओळीखाली आपल्या हाताने लिहा: ‘बाग व क्लब हाऊस अपूर्ण, कार्पेट मोजून घेणे बाकी, हक्क राखून ताबा घेत आहे.’ पेन त्यांचंच वापरा. आणि ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरला बंधनकारक आहे. तक्रार तोंडी सांगू नका, लेखी द्या.

हे सगळं मी रविवारी ताईला सांगत होतो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ती ऐकत होती, मध्येच आमटी गरम करत होती. शेवटी मी विचारलं, “ब्रोशर कुठंय?”

“असेल कुठेतरी. रद्दीत गेलं असेल.”

दाजी उठले. बेडरूममधलं कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातल्या साड्या पलंगावर काढल्या. तळाला कागद अंथरलेला होता. तो जाडसर, गुळगुळीत कागद त्यांनी ओढून काढला. कडा दुमडलेल्या, एका कोपऱ्याला डांबराच्या गोळीचा डाग. मधलं पान बागेचं होतं. त्यातल्या एका बाकाभोवती निळ्या पेनाने गोल केलेला होता आणि ताईच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आईला इथे बसवायचं’.

आई २०२३च्या श्रावणात गेली. ताबा मिळायच्या आधीच.

ताईने ते पान हातात घेतलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिने गॅस बंद केला, फोन उचलला आणि समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना लावला.

“वहिनी, तुमच्याकडे बिल्डरचं ब्रोशर आहे का अजून? नाही, टाकू नका. आणि सगळ्यांना विचारा. आज संध्याकाळी सात वाजता गच्चीवर या म्हणावं, येताना घेऊन या.”